काळी चार, पांढरी दोन

आमच्या जिन्याखाली शिलाईकाकांचं दुकान आहे. घरमालक पूर्वी तिथे सायकली ठेवायचे. आता तिथे दोन यंत्रं आहेत, एक लांब मेज आहे आणि काकांना उभं राहण्यापुरती वाट आहे. काकू डबा घेऊन आल्या की काकांना मेजाखालून पलीकडे जावं लागतं, आणि वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी ते हे इतक्या सराईतपणे करतात की नवीन गिऱ्हाईकाला वाटावं, या घरात बायकोला बघून लपायची पद्धत आहे.

काका कपडे शिवत नाहीत. स्कूटरची सीट, पाण्याच्या टाकीचं आवरण, दुकानासमोरची कनात, ट्रकवरची ताडपत्री, असलं सगळं शिवतात. माझ्या एका मैत्रिणीने एकदा ब्लाऊजचं विचारलं, तेव्हा म्हणाले, "माणसांचं काम घेत नाही. माझी गिऱ्हाईकं जाड होत नाहीत आणि आरशात बघत नाहीत."

कापड निवडायची त्यांची रीत मी दुसरीकडे कुठे पाहिलेली नाही. ते आधी हात लावत नाहीत, रंगही बघत नाहीत. कापडाची वीतभर पट्टी दोन्ही हातांत धरतात, कानाशी नेतात आणि झटक्यात ताणतात. मग निकाल देतात: बोलकं किंवा मुकं. भाजीच्या पिशवीसाठी मी हौसेने आणलेलं कापड त्यांनी असंच कानाशी ताणून परत दिलं होतं. "बोलकं आहे. रोज बाजारातून येताना कुरकुरेल. घरात तेवढं पुरेसं नाही का?" शेवटचा प्रश्न आमच्या यांच्याकडे बघून होता.

हा कान त्यांना तंबूच्या कारखान्यात मिळाला. एका लांबलचक खोलीत चाळीस यंत्रं धडधडायची आणि त्या गोंगाटात आपल्या सुईखालचं कापड काय म्हणतंय ते ऐकायला शिकावं लागायचं. तिथे शिवलेले तंबू कुठे जायचे, कोण त्यांच्यात राहायचं, हे काकांना कधी कळलं नाही. कारखाना बंद पडला तेव्हा ते आपलं यंत्र घेऊन इथे आले. त्याच उन्हाळ्यात नदीकाठच्या मैदानावर होणाऱ्या संगीत महोत्सवाचं भाड्याचं छत आदल्या दिवशी उभं फाटलं. कुणीतरी काकांना बोलावून आणलं. त्यांनी व्यासपीठावर मांडी घालून ते शिवलं, आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आपण शिवलेल्या कापडाखाली बसून कुणीतरी गातंय हे आयुष्यात पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिलं. तेव्हापासून बावीस वर्षं व्यासपीठाचं छत त्यांचं.

गाण्यातलं आपल्याला काही कळत नाही, हे काका स्वतःच सांगतात. पण गाणं चालू असताना कापड काय करतंय ते त्यांना कळतं. म्हणून महोत्सवाच्या तिन्ही संध्याकाळी ते व्यासपीठाच्या मागे डाव्या खांबापाशी दोर हातात धरून उभे असतात. काकूंना मात्र गाण्याचं वेड. त्या तिसऱ्या रांगेत बसतात आणि शेजारच्या खुर्चीवर आपली पर्स ठेवतात. "हे येणार आहेत," असं येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात. बावीस वर्षं त्या पर्सने सगळी गाणी पुढून ऐकली आणि काकांनी मागून.

गेल्या वर्षी घात झाला तो वाऱ्यामुळे. महोत्सवाची सुरुवात नेहमी बाई करतात. बाई म्हणजे आमच्याकडच्या गाणं शिकवणाऱ्या बाई. गावातल्या निम्म्या गळ्यांना त्यांनी वळण लावलंय आणि उरलेल्या निम्म्यांना स्पष्ट नकार दिलाय. त्यांनी डोळे मिटून अगदी सावकाश सुरुवात केली, आणि नदीवरून वारा उठला. छत फडफडायला लागलं. बाई थांबल्या. वारा थांबला. बाईंनी सूर लावला, परत फड, फड, फड. तिसऱ्यांदा बाईंनी डोळे उघडले, वर पाहिलं आणि माईकमध्ये म्हणाल्या, "आधी कापडाला गाऊ दे. त्याचं झालं की मी गाते."

सगळं मैदान हसलं. खोटं कशाला सांगू, मीही हसले. बाईंचं बोलणं तसंच आहे, आणि दुसऱ्या दिवशी त्या ते विसरूनही गेल्या. पण मागे दोर धरून उभ्या असलेल्या माणसाने ते वाक्य घरी नेलं आणि वर्षभर उशाशी घेऊन झोपला. काकू सांगायच्या, जेवता जेवता मध्येच घास थांबवून म्हणतात, "कापडाला गाऊ दे म्हणाल्या."

या वर्षी समितीच्या बैठकीत एकाने तयार प्लास्टिकच्या छताचं छापील पत्रक आणलं. लोखंडी सांगाडा, घट्ट ताणलेलं प्लास्टिक, आवाजाचं नाव नाही. सगळ्यांना पटत चाललं होतं. तेव्हा आमचे चिटणीस, म्हणजे चित्रकलेचे निवृत्त सर, म्हणाले की बावीस वर्षं ज्या माणसाने दोर धरला त्याला एक वर्ष तरी द्यायला हवं. या वर्षी आवाज आला तर पुढच्या वर्षी प्लास्टिक. सरांनी हे काकांना दुकानात येऊन तोंडावर सांगितलं. काका "ठीक" म्हणाले आणि भिंतीवरची फूटपट्टी काढून पुसायला लागले.

आता माझा गुन्हा सांगते.

सरांचं अक्षर कुणालाच लागत नाही. जन्मभर चित्रं काढल्यामुळे असेल, पण र आणि व यांच्यात फरक करणं त्यांना कमीपणाचं वाटतं. म्हणून समितीचं सगळं लिखाण माझ्याकडे आहे. त्या दिवशी सर आमच्या स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून दोन निरोप सांगत होते आणि मी गेल्या वर्षीच्या कार्यक्रमपत्रिकेचे दोन तुकडे करून पाठीमागे लिहून घेत होते. एक निरोप पेटी वाजवणाऱ्या भाऊंना. सुरुवातीला बाई काळी चारमध्ये गाणार आणि लगेच बाहेरगावचे पाहुणे पांढरी दोनमध्ये, तेव्हा तानपुरे आधीच लावून ठेवा, मध्ये वेळ नको. दुसरा निरोप शिलाईकाकांना. छताच्या पुढच्या कडेची पट्टी गेल्या वर्षी फार वर बांधली गेली होती, ती खाली घ्या. दोन्ही निरोप पट्टीबद्दल. मी दोन्हींच्या डोक्यावर झोकात "पट्टी" असं लिहून खाली रेघ मारली. नावं लिहिली नाहीत. कोणता कुणाचा ते मला माहीत होतंच.

तेवढ्यात दूध उतू गेलं. ओटा पुसून होईपर्यंत सर गेले होते आणि माझ्या हातात घडी घातलेले दोन कागद होते. एक मी जिना उतरून काकांच्या मेजावर ठेवला. दुसरा, पाच वाजता भाऊ टपाल कचेरीतून घरी जायला निघाले तेव्हा त्यांच्या सायकलच्या टोपलीत टाकला.

काकांना मिळालेल्या कागदावर लिहिलं होतं: "पट्टी. आधी काळी चार, मग पांढरी दोन. दोन्ही आधीच जुळवून ठेवावी. ऐन वेळी गडबड नको."

दुसऱ्या दिवशी दुकानाला आतून पडदा लागला. काका म्हणाले, या वर्षीचं छत टांगल्यावरच बघायचं. मला वाटलं, जिद्दीला पेटलेत, बरंच आहे. यंत्राची घरघर दिवसभर वर ऐकू यायची. दुपारी काकू डब्याचं झाकण लावत वर यायच्या, पंख्याखाली बसायच्या आणि मान हलवायच्या. काय शिवताहेत ते सांगायचं नाही असं त्यांना बजावलेलं होतं. "मी काही बोलत नाही," त्या म्हणायच्या. "तुमच्या समितीचं डोकं फिरलंय, एवढंच बोलते."

नंतर कळलं ते असं. काकांनाही आधी तो निरोप चमत्कारिक वाटला होता. पांढऱ्या छतावर काळ्या पट्ट्या कशाला? काकूंनी तर विचारलं, "गाणं आहे की गाद्यांचं दुकान?" पण काकांनी रात्रभर विचार केला. निरोप पाठवणारे सर चित्रकलेचे. काळं-पांढरं, काळं-पांढरं, असं कुठे असतं? सकाळी दात घासता घासता त्यांना उलगडलं. पेटीला असतं. सरांना व्यासपीठाच्या डोक्यावर पेटीच्या पट्ट्या काढायच्या आहेत. काका इतके खूश झाले की ब्रश तोंडात ठेवूनच काकूंना समजावायला लागले.

मग काळ्या कापडाचा शोध सुरू झाला. चकचकीत, हलकं, स्वस्त, सगळं कानाशी ताणून झालं. सगळं बोलकं. शेवटी ट्रकच्या जुन्या ताडपत्रीचा एक मेण खाल्लेला तागा निघाला. तो ताणला तरी चकार शब्द काढेना. काकांनी त्याच्या दुहेरी पट्ट्या कापल्या. पुढच्या कडेला एक, दोन्ही बाजूंना एकेक आणि चौथी मागे. मधल्या अंगावर आडव्या दोन पांढऱ्या, त्याही जाड. दोन यंत्रांच्या सुया मोडल्या, तेव्हा कोपरे हाताने टोचले. काकू उजव्या हाताला तेल लावून द्यायच्या आणि म्हणायच्या की गाणाऱ्यांचे गळे बसतात, आमच्याकडे अंगठा बसलाय.

महोत्सवाच्या आदल्या दिवशी दुपारी चार वाजता छत चढलं. मैदानावर खुर्च्या उतरवणं चालू होतं, तारांची भेंडोळी पडलेली, आणि उन्हाने सगळ्यांचे डोळे बारीक झालेले. सहा जणांनी दोर ओढले. छत वर गेलं, पसरलं, आणि खुर्च्या उतरवणारे हातातल्या खुर्च्यांसकट उभे राहिले.

पांढऱ्याशुभ्र छताला काळीभोर रुंद किनार. मध्ये दोन जाड पांढऱ्या पट्ट्या, वळासारख्या उठलेल्या. मला ते सुंदर दिसलं. मग मी मोजलं. काळ्या चार. पांढऱ्या दोन.

सरांनी काकांना विचारलं की हे काय आहे. काका जरा लाजून म्हणाले की तुम्ही लिहिलंत तसंच, आणि खिशातून कागद काढून दिला. सरांनी चष्मा लावून तो मोठ्याने वाचला. "आधी काळी चार, मग पांढरी दोन." पुढे त्यांना वाचवेना. ते हसत हसत खुर्ची शोधायला लागले, आणि ती सापडली तेव्हा तिच्यावर नीट बसताही येईना. तारांवाले हसले, खुर्च्यांवाले कारण माहीत नसताना हसले. मी पुढे होऊन सांगितलं की चूक माझी आहे. कागदांची अदलाबदल झाली आहे. ही गाण्याची पट्टी आहे, गायचा सूर कुठला ते सांगणारी; कापडाची नव्हे.

काकांनी कागद परत घेतला आणि पुन्हा एकदा वाचला.

"म्हणजे मी गाण्याची पट्टी शिवली," ते म्हणाले.

त्यानंतर कुणी हसलं नाही. काकू पदराने वारा घेत होत्या. तरी मी म्हणत होते, असं त्या म्हणतील असं मला वाटलं होतं, पण त्या तोच पदर घेऊन काकांना वारा घालायला लागल्या. काकांनी पिशवीतून टाके उसवायची बारीक कात्री काढली आणि छत खाली घ्यायला सांगितलं. सर लगबगीने उठले. एक डोळा मिटून, अंगठा समोर धरून, चित्राकडे बघावं तसं छताकडे बघत म्हणाले की वाईट नाही दिसत, खरंच नाही, राहू द्या.

"दिसण्याचं कोण विचारतंय, सर," काका म्हणाले. "इतकं वजन मी छताला कधी लावलेलं नाही. वाऱ्यात हे काय करेल मला माहीत नाही. आणि आज वारा नाही."

खरंच नव्हता. नदी ताटासारखी सपाट होती. एका बाजूला सहा पट्ट्यांचे दुहेरी टाके, दुसऱ्या बाजूला उद्याची संध्याकाळ. उसवायचं म्हटलं तर वेळ पुरत नव्हता आणि ठेवायचं म्हटलं तर परीक्षा घ्यायची सोय नव्हती. मी सरांना म्हटलं की निदान दुसरी चूक तरी आधी निस्तरते, आणि भाऊंच्या घराकडे निघाले.

भाऊंनी दार उघडलं ते अपराध्यासारखं. भाऊ स्वभावाने असे आहेत की सायकलची घंटी वाजवून पुढच्या माणसाची माफी मागतात. पेटीवर मात्र त्यांची बोटं शूर. मी सगळी हकीकत सांगितली आणि त्यांचा कागद मागितला. त्यांनी तो पेटीच्या भात्यात लपवला होता. त्यावर माझ्याच सुवाच्य अक्षरात होतं: "पट्टी. गेल्या वर्षी फार वर गेली होती. वर गेली की ताण येतो आणि फाटल्यासारखा आवाज येतो. या वर्षी खाली घ्यावी."

याचं तुम्ही काय केलंत, असं मी विचारलं.

भाऊ हळूहळू बोलायला लागले. बाई तीस वर्षं काळी चारमध्ये गाताहेत. गेली दोन वर्षं वरचे सूर त्यांना ओढून आणावे लागतात, हे पेटीवर बसणाऱ्याला कळत होतं, पण बाईंना सांगणार कोण? तेवढ्यात समितीचाच लेखी हुकूम आला. भाऊंना वाटलं, देव पावला. त्यांनी तो स्वतः बोलून न दाखवता बाईंच्या हातात ठेवला आणि त्या वाचून परत देईपर्यंत चपला घालून उभे राहिले.

"वहिनी, मग आता बाईंना कोण सांगणार?" ते म्हणाले.

दोघं मिळून गेलो. भाऊ माझ्या मागे, एक पायरी खाली. बाई खिडकीशी बसून तानपुऱ्याच्या तारा पुसत होत्या. मी उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं. दूध, कागद, कापड, सगळं. बाईंनी मध्ये एकदाही थांबवलं नाही. त्यांच्या वर्गात चुकीचं गाणाऱ्यालाही त्या असंच शेवटपर्यंत गाऊ देतात, आणि मग सांगतात.

"म्हणजे ते फाटल्यासारखं, ते कापडाबद्दल होतं?"

मी हो म्हटलं.

"पंधरा दिवस मी तुम्हा सगळ्यांशी मनातल्या मनात भांडतेय. सरांना तर मी चित्र कसं काढावं तेसुद्धा सुनावलंय." त्या तार पुसत राहिल्या. मग म्हणाल्या, "चौथ्या दिवशी दार लावून घेतलं आणि काळी तीनमध्ये गाऊन बघितलं. राग होता म्हणूनच बघितलं. वरचा सा असा आला, बोलावला नव्हता तरी. मी रडले थोडी. आता काळी चारला परत जायची नाही, तुमचा कागद कुणाचाही असो."

भाऊंनी माझ्या मागे इतका मोठा श्वास सोडला की माझ्या मानेला वारा लागला.

मग बाईंनी विचारलं की शिलाईवाल्यांनी त्या कागदाचं काय केलं. मी सांगितलं. काळ्या चार पट्ट्या, पांढऱ्या दोन, आणि वाऱ्याची धास्ती. गेल्या वर्षीचं त्यांचं वाक्य काकांनी कसं वर्षभर जपलंय तेही, नको नको म्हणता, सांगून टाकलं. बाईंना ते वाक्य आठवायला वेळ लागला. आठवलं तेव्हा त्यांनी हातातलं फडकं खाली ठेवलं. आम्ही निघालो तेव्हा दारापर्यंत आल्या आणि नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, "त्यांना सांगा, आता काळी तीन झालीय. एक पट्टी उसवा म्हणावं."

हा विनोद होता. मी तो विनोद म्हणूनच पोचवला. काका छताखाली चटईवर बसले होते, मान वर करून, आणि काकू शेजारी त्यांची मान चोळत होत्या. बाईंचा निरोप ऐकून काकू हसल्या. काका हसले नाहीत. त्यांनी छताकडे पाहिलं, बोटाने एकेक पट्टी मोजली आणि उठून उभे राहिले.

"मागची," ते म्हणाले. "मागची काढायची. तिचा मला पहिल्यापासून संशय होता. चार व्हायला हव्यात म्हणून लावली, नाहीतर मागे एवढं वजन कोण लावतो? छत मागे खेचलं जातंय. बाईंना कसं कळलं?"

बाईंना काही कळलेलं नाही, त्यांनी थट्टा केली, हे मी सांगायला तोंड उघडलं आणि काकूंनी माझा हात दाबला. छताची मागची बाजू खाली आली. उजेड होता तोवर काकांनी चौथी काळी पट्टी उसवली. टाके इतके पक्के होते की उसवताना स्वतःवरच चिडत होते आणि चिडता चिडता खूशही होत होते. बाकी तीन पट्ट्यांनी छत पुढे हातभर झुकलं, म्हणजे सरांना हवी होती तशी पुढची कड आपोआप खाली आली. काढलेल्या पट्टीचा वीतभर तुकडा कापून काकूंनी पर्समध्ये ठेवला. का, ते मी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी सहा वाजता मैदान भरलं. लोक टोप्यांनी वारा घेत होते, पाण्याच्या बाटल्या हातोहात फिरत होत्या. काका नेहमीप्रमाणे डाव्या खांबाकडे निघाले, तर तिथे बाई उभ्या. साडीचा काठ नीट करत होत्या. त्यांचं काय बोलणं झालं ते मला माहीत नाही, मी तिकिटांच्या टेबलाशी होते. पण काका मागे वळले, दोर खांबाला बांधला, दोनदा तपासला आणि व्यासपीठाला वळसा घालून पुढे आले. तिसऱ्या रांगेत काकूंनी शेजारच्या खुर्चीवरची पर्स उचलली आणि मांडीवर घेतली. बावीस वर्षांत पहिल्यांदा त्या पर्सला जागा सोडायची वेळ आली, असं काकू नंतर सगळ्यांना सांगत होत्या.

बाई बसल्या. तानपुरे लागले. माईकजवळ वाकून त्या म्हणाल्या की या वर्षीपासून त्या काळी तीनमध्ये गाणार आहेत, आणि बोट वर करून छताकडे दाखवलं. "मोजून घ्या."

लोक गोंधळून वर बघायला लागले. आम्ही पाच-सहा जण मात्र हसलो, आणि सर सगळ्यांत मोठ्याने.

मग गाणं सुरू झालं. गेल्या वर्षी ज्या गाण्यात बाई तीनदा थांबल्या होत्या, तेच. आवाज खाली उतरला होता, आणि खाली उतरून रुंद झाला होता. मला गाण्यातलं फार कळत नाही, पण दाराची कडी रोज जोर करून लावावी लागत असावी आणि एक दिवस कुणीतरी दार नीट टांगावं, तसं काहीतरी झालं होतं. भाऊ पेटीवर इतके निर्धास्त दिसत होते की मी त्यांना एकदा ओळखलंच नाही.

आणि मग नदीवर सुरकुत्या पडल्या. मी टेबलाशी बसून पाहत होते. वारा पाण्यावरून आला, काठच्या झाडांत शिरला, पहिल्या रांगेतल्या बायकांचे पदर उडाले, टेबलावरची तिकिटं मी कोपराने दाबून धरली. बाईंनीही ऐकला. त्या वरच्या 'सा'कडे निघाल्या होत्या, आणि अगदी अलीकडच्या सुरावर थांबल्या. डोळे उघडून वर पाहिलं.

छत फुगलं. पोटभर श्वास घ्यावा तसं सावकाश वर उचललं गेलं, काळ्या पट्ट्यांपाशी अडलं आणि परत बसलं. पुन्हा उचललं, पुन्हा बसलं. आवाज नाही. एवढ्या मोठ्या मैदानात तानपुऱ्याखेरीज कशाचाच आवाज नाही.

बाईंनी सा लावला. तो आला, आणि राहिला. लोकांनी टाळ्या वाजवल्या त्या त्या स्वरासाठी. मी वाजवल्या त्या कशासाठी ते मला सांगता येणार नाही. एका हाताने तिकिटं धरलेली असल्यामुळे त्या नीट वाजल्याही नाहीत.

टाळ्या ओसरल्यावर बाईंची नजर तिसऱ्या रांगेत गेली. त्या काही तरी म्हणणार होत्या, चेहऱ्यावर ते दिसत होतं. वर्षभर जपून ठेवलेल्या वाक्याच्या बदल्यात दुसरं वाक्य द्यायला हवं, याची त्यांना कल्पना होती. पण तिसऱ्या रांगेकडे बघून त्यांचा चेहराच बदलला. काकांची हनुवटी छातीवर टेकली होती, चष्मा नाकाच्या शेंड्यावर आला होता, आणि पंधरा दिवस यंत्रावर बसलेला तो माणूस पुढे बसून ऐकलेल्या पहिल्याच गाण्यात गाढ झोपला होता.

"कापड ऐकतंय," बाई माईकमध्ये हळूच म्हणाल्या. "शिवणारे झोपलेत."

मैदान हसलं. काकूंनी कोपर मारलं. काका दचकून अर्धवट उठले आणि एक हात वर करून हवेतच दोर शोधायला लागले.

"फडफडलं का?"

"नाही," काकू म्हणाल्या, आणि त्यांच्या सदऱ्याला धरून त्यांना खाली बसवलं. "बसा. ऐका आता."